जपानी म्हातारी

“बटण दाबा की, मावशी! मरंल की तुमची म्हातारी!” मागची पोरं ओरडत होती.

गौरम्माने हात मागेच ठेवले. गड्ड्याच्या जत्रेत त्या वर्षी, एकोणऐंशी साली, खेळवाल्या धोंडीरामने हे जपानी खेळाचं यंत्र मांडलं होतं. काचेवर पाठीला टोपली बांधलेली एक म्हातारी चालायची. दोन्हीकडच्या घरांतून लोक तिच्या टोपलीत काहीबाही टाकायचे. ते चुकवत तिला पळवायचं. पळवून पळवून पोरं हरायची. पण कुणी काहीच केलं नाही, तर म्हातारी टोपली उतरवून भर रस्त्यात फतकल मारायची आणि चहा प्यायची. बटण कुठलं ते न कळल्यामुळे गौरम्माला हे पहिल्याच दिवशी सापडलं होतं.

“ह्यात जिंकणं कुटं हाय, मावशी?” धोंडीरामने विचारलं.

“बसली की ती!” गौरम्मा तोंडाला पदर लावून हसली.

नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती धाकट्या दिराच्या, तिप्पण्णाच्या घरी रांधत होती. त्याचं नवी पेठेत कापडाचं दुकान. त्याची मुलगी दाक्षायणी गौरम्माच्याच मांडीवर वाढली. तिला ‘दोडव्वा’, म्हणजे मोठी आई, म्हणायची.

त्या दुपारी तिप्पण्णा तिला शोधत आला. घरी चूल गार होती. वैनी पोरांच्या घोळक्यात हसताना दिसली, आणि शेजारीच पेठेतले दोन व्यापारी.

“भावजी, बघा की, कशी निवांत...”

तिप्पण्णा व्यापाऱ्यांकडे वळला. “डोकं ठिकाणावर न्हाय हिचं. दादा गेल्यापासनं असंच हाय.”

लाज झाकायला बोललेलं ते वाक्य पेठभर झालं. शेजारणी तिच्याशी सावकाश, मोठ्याने बोलू लागल्या.

उन्हाळ्यात दुधनीचे लोक दाक्षायणीला बघायला आले. सकाळीच तिप्पण्णाची बायको म्हणाली, “अक्का, तुमी आतल्या खोलीत बसा. घरात येडं माणूस हाय म्हटलं, तर पोरीचं जमायचं न्हाय.”

दाक्षायणी खाली बघत राहिली. शेवटची शेंगापोळी तव्यावरून उतरवून गौरम्मा आत गेली. दार तिनेच लावलं.

“पोळी लई झकास! कुणी केली?” बाहेर पाहुण्यांनी विचारलं.

“आमच्या दाक्षायणीनं.”

“आनि घरात कोन कोन असतं?”

“आमी तिघंच,” तिप्पण्णा म्हणाला.

गौरम्माला खोकला आला. तिने पदराचा बोळा तोंडात धरला.