कार्टमधला डिंक

लिंबं, बारा नग.

स्टीलच्या डब्याच्या झाकणावर कोरलेलं नाव: सौ. शुभदा.

४४१७.

नवीन ग्राहक आहात? पहिल्या खरेदीवर दोनशे रुपये सूट.

सांगवीच्या चौकात पहाटे पाच चाळीसला कंपनीची बस येते आणि चाकणला जाते.

लिंबं, पुन्हा बारा.

*

तर ही लिंबं शुभदाची नव्हेत. शुभदाच्या घरी माणसं दोन आणि लिंबं लागायची आठवड्याला दोन. जास्तीची लिंबं तिच्या मुलीची, सलोनीची. ती राहते पुनावळ्याला.

हे शुभदाला कसं कळलं, ते सांगायचं तर कूपनांपासून सुरुवात करावी लागेल.

नवऱ्याच्या, म्हणजे सुरेंद्रच्या, कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला त्या वर्षापासून शुभदाने घरातला किराणा कूपनाशिवाय घेतलेला नाही. तेल मंगळवारी, डाळी महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत, साबण तीनवर एक फुकट असेल तेव्हाच. मोबाइलमध्ये किराण्याचं एक अ‍ॅप होतं आणि त्यातली कुठली सूट कधी संपते, हे तिला तिथीसारखं पाठ असायचं. सामान ज्या कागदी पिशव्यांतून यायचं त्यासुद्धा घडी घालून गादीखाली जायच्या.

"शुभदाताई, यम दारात आला तरी तुम्ही विचाराल त्याला, आज काही ऑफर आहे का," शेजारची इंद्रायणी म्हणायची.

"विचारीन की. असली तर तुम्हाला घेऊनच जाईन. एकावर एक."

अशा बाईने एकच कूपन सोडून दिलं होतं. नवीन ग्राहकाचं, दोनशे रुपयांचं. स्वतःच्या नंबरावर नवं खातं उघडलं की लगेच मिळणार होतं. पण तिचं अ‍ॅप चालायचं सलोनीच्या खात्यावर. सलोनी ताथवड्याला इंजिनिअरिंगला होती तेव्हा तिने ते उघडून आईच्या फोनमध्येही टाकून दिलं होतं. पुढे तिने अनिशशी लग्न केलं, घरात न सांगता. सुरेंद्रने एकदाच सांगितलं, या घरात तिचं नाव निघणार नाही. नाव निघायचं थांबलं. खातं मात्र राहिलं.

महिन्याचं मोठं कूपन लावलं की खातेदाराच्या फोनवर चार आकडे जायचे. म्हणजे सलोनीच्या. ते आकडे टाकल्याशिवाय सूट नाही. मग शुभदा मेसेज करायची: ओटीपी. आणि उत्तर यायचं.

२०९६.

५१३०.

४४१७.

दोन वर्षांत मायलेकी एवढंच बोलल्या. महिन्यातून एकदा, चार आकडे. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. तरी ज्या दिवशी आकडे यायचे त्या दिवशी शुभदाच्या हाताला भाजी चांगली व्हायची, हे सुरेंद्रच्याही लक्षात आलं असावं.

*

मागील खरेदी.

अ‍ॅपमधल्या या दोन शब्दांवर बोट ठेवलं की दोन्ही घरांची सामानाची यादी उघडते. सांगवीची आणि पुनावळ्याची, एकाखाली एक. सलोनीला हे ठाऊक असणारच. तिने ते कधी झाकलं नाही.

त्या यादीतून शुभदाला मुलीचं घर दिसायचं. गुरुवारी साबुदाणा, म्हणजे उपास धरते अजून. जावयाला कॉफी लागते. मध्येच मोहरी अर्धा किलो, म्हणजे लोणचं घालायला निघाली होती आणि अंदाज चुकला.

जूनमध्ये लिंबं सुरू झाली. आवळा सुपारी आली, खारी बिस्किटं आली. आणि दर महिन्याला न चुकता येणारी एक वस्तू यादीतून गेली. जुलैत आली नाही, ऑगस्टमध्येही नाही.

शुभदाने बोटांवर महिने मोजले आणि कणीक मळायला घेतली. डोळे पुसायला हात मोकळा नको, म्हणून.

पहिलं बाळंतपण माहेरी. तिचं आईकडे झालं होतं, तिच्या आईचं आजीकडे. सातवा लागला की ह्यांना सांगायचं, तिने ठरवलं. सातव्यात माणूस किती ताणून धरणार? डोहाळजेवण करू, मग तिला घेऊन येऊ. तोवर तिने जमवायला घेतलं. खारीक नवरात्राच्या ऑफरमध्ये, गोडंबी कॅशबॅकवर, खोबरं दोनवर एक. सगळं डब्यात भरून तिने तांदळाच्या पिंपामागे ठेवलं. राहिला होता डिंक.

दिवाळी झाली आणि डिंकावर सूट आली. शुभदाने पाव किलो डिंक कार्टमध्ये टाकला. मागवला नाही. कार्टसुद्धा दोघींची एकच होती, इथे टाकलेलं तिथे दिसायचं. दिसू दे, म्हणाली मनाशी. डिंक पाहून तिला कळेल की मला कळलंय.

बुधवारी टाकला. गुरुवारी सकाळी पाहिलं तर कार्ट रिकामी.

कार्टमधली वस्तू आपोआप जात नाही. कोणीतरी काढावी लागते.

शुभदाला राग आला. एवढा ताठा? आईने डिंक नुसता दाखवला तर तोही नको? चार दिवस तिने अ‍ॅप उघडलं नाही. मंगळवारच्या तेलासाठी उघडलं, तर यादीत पुनावळ्याची सोमवारची खरेदी होती.

गरम पाण्याची पिशवी, एक.

सॅनिटरी पॅड, सगळ्यात मोठे, तीन पुडे.

*

"अहो."

पहाटेचे सव्वापाच. सुरेंद्र बुटाची नाडी बांधत होता.

"सलोनीला दिवस होते."

नाडीवरचा हात थांबला. दोन वर्षांनी ते नाव घरात निघालं होतं. तो ओरडेल अशी तिची तयारी होती.

"होते म्हणजे?"

तिने फोन पुढे केला. त्याने यादी वाचली. बायकांच्या वस्तूंचं त्याला काय कळणार, असं तिला वाटलं होतं. पण त्याने ती दोनदा वाचली.

"कितवा होता?"

"सहावा."

त्याने नाडी ओढून घट्ट केली. "मला आधी सांगायचं नाही?"

"सातव्यात सांगणार होते."

त्याने नाडीची गाठ मारली, डबा उचलला. दारातून मागे न बघता म्हणाला, "रिक्षाने जा. दोन बस बदलत बसू नकोस."

*

बाळ नाही. पण अंग बाळंतिणीचंच. कंबर तशीच दुखते, दूधही येतं, त्याला कुठे ठाऊक असतं. डिंक लागतोच.

शुभदाने कोपऱ्यावरच्या दुकानातून छापील किमतीला डिंक आणला. तुपात फुलवला, खारीक-खोबरं कुटलं, गुळात लाडू वळले. स्वतःच्या लग्नातल्या, नाव कोरलेल्या डब्यात भरले. गादीखालची अ‍ॅपची कागदी पिशवी काढली आणि डबा तिच्यात ठेवला. हाताशी तीच होती.

पत्ता अ‍ॅपमध्ये होताच. पुनावळ्याची सोसायटी म्हणजे बावीस मजल्यांचे चार टॉवर. गेटवर वॉचमन होता, छातीवर नाव ज्योतीराम. त्याने आधी पिशवी पाहिली, मग तिला.

"डिलिव्हरी व्हय मावशी? टी-शर्ट न्हाई दिला कंपनीनं?"

शुभदा हसली नाही. घशात शब्द तयार होता. आई. दोन अक्षरं. पण वॉचमन ते वर कळवणार, आणि वरून नाही म्हटलं तर? डिंक काढून टाकला तसं? भरल्या गेटवर, पाच माणसांदेखत?

"हो," ती म्हणाली. "डिलिव्हरी. बी चौदाशे तीन."

ज्योतीरामने फोनवर काहीतरी दाबलं. ती दोघं उभी राहिली. तिने वर पाहिलं, पण चौदावा मजला कोणता ते खालून मोजता येईना. एका गॅलरीत कोणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. ती अनोळखी निघाली.

"गेटवर ठेवायला सांगितलंय," तो म्हणाला. "ठिवा त्या रॅकवर. साहेब आले की नेत्याल."

तेव्हा तिला कळलं, आपण काय बोलून बसलो. मुलीने आईला नाही म्हटलंच नव्हतं. तिला विचारलंच कुठे होतं कोणी?

"दादा, पुन्हा एकदा..." तिने सुरुवात केली. मागे खऱ्या डिलिव्हरीच्या चार गाड्या थांबल्या होत्या, हॉर्न वाजायला लागले. ज्योतीराम त्यांच्याकडे वळला. शुभदाने पिशवी रॅकवर ठेवली, कोणाच्यातरी औषधांच्या आणि पिझ्झाच्या मध्ये. पिशवीचा बंद सरळ केला. मग रस्त्यापर्यंत चालत आली, आणि बसने घरी गेली.

*

त्या रात्री सुरेंद्रने विचारलं, "भेटली?"

"लाडू पोचले."

तो जेवत राहिला.

तिसऱ्या दिवशी शुभदाने अ‍ॅप उघडलं. कार्टमध्ये एक वस्तू होती.

डिंक, पाव किलो.

तिने टाकला नव्हता. ती तसाच फोन धरून ओट्याशी उभी राहिली, गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत. मागवावा तर तो कार्टमधून निघून जाणार. काढावा तर कसा काढायचा? मेसेज उघडला. आधीचं सगळं एकाखाली एक होतं: ओटीपी, आकडे, ओटीपी, आकडे. खाली तिने "सलोनी" एवढं लिहिलं. ते पुसलं.

डिंकावरची सूट रविवारी संपली. डिंक कार्टमध्ये आहे. दोघींपैकी कोणी तो मागवत नाही, कोणी काढत नाही.

*

सलोनी घर सोडून गेली त्या सकाळी तिने फ्रिजवर एक चिठ्ठी चिकटवली होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं: आई, तेलाचं कूपन मंगळवारपर्यंतच आहे.