खिळ्यावरचं घड्याळ

"न्यूट्रॉनांचा तुझ्यावर जीव जडलाय, उस्ताद!" मोजणीचे आकडे मांडणारी सोलेन कागद नाचवत म्हणाली. "तू असलास की भरभरून फुटतात. गेल्या गुरुवारी तुझी दाढ दुखत होती, तर बघ, सगळे मुके."

"माझ्यावर आजवर फक्त पंपांचा जीव जडला," अनसेल्म म्हणाला, "आणि तेही गळायचे."

फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या त्या अणुभट्टीत तो अडतीस वर्षं पंप आणि चुंबक सांभाळत होता. न्यूट्रॉन फुटला की तीन तुकडे होतात. क्वचित सोबत प्रकाशाचा एखादा कणही उडतो. या क्वचितचीच मोजणी हिवाळ्यापासून चालली होती, आणि आकडा सिद्धांताच्या दुप्पट आला होता. आज दुपारी लेख जगाकडे जाणार होता. छत्तीस नावांच्या शेवटी 'अनसेल्म पेरोतें'. शेवटचा डबा असला तरी गाडीतच ना, असं त्याने बहिणीला सांगितलं होतं. तिने अक्रोडाचा केक करायला घेतला होता. शुक्रवारी तो निवृत्त होणार होता.

तो घड्याळ घ्यायला शिशाच्या भिंतीआड गेला. चुंबकाशी काम करायचं तर घड्याळ आधी उतरवायचं, नाहीतर ते बंद पडतं. बाकीचे टेबलावर ठेवत. पण टेबलावर लोक कॉफी सांडतात, म्हणून अनसेल्मने आपल्यापुरता एक खिळा शोधला होता, प्रकाशकण मोजणाऱ्या यंत्राच्या बरोब्बर पाठीमागे.

घड्याळ वडिलांचं, फौजेतलं. म्हातारा गेल्या शरदात वारला तेव्हा याच्याकडे आलं. आकड्यांवरचा हिरवा रंग पूर्वी अंधारात चमकायचा. आता चमकत नव्हता.

त्याचा हात खिळ्यापाशीच थांबला.

गेल्या गुरुवारी दाढेपायी तो आलाच नव्हता. खोलीतला किरणांचा मूळचा गोंगाट मोजून आकड्यातून वजा करतात, तो मोजायचा रविवारी, आणि रविवारी तो घड्याळासकट बहिणीकडे असे.

त्याने किरणमापक आणून घड्याळापुढे धरला. कट... कट... आणि मग ते यंत्र दुधावरून हाकललेल्या मांजरीसारखं किंचाळत सुटलं.

सोलेन धावत आली. चेहऱ्यावरचं हसू उतरवायचं ती विसरूनच गेली होती.

"रेडियम," अनसेल्म म्हणाला. "चमक मेली. रंगातलं रेडियम नाही मेलं. आपण त्याचेच किरण मोजत होतो." त्याने मापक बंद केला. "मॅडमना बोलाव."

"उस्ताद... शुक्रवारी तू जाणारच आहेस. घड्याळही जाईल. कुणाला कळणार?"

"तुला कळलं, मला कळलं. बोलाव."

प्रयोगाच्या प्रमुख मादाम रेमों आल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, मापक ऐकला.

"सहा महिने," त्या एवढंच म्हणाल्या. मग, "तुझं नाव... लेखातून काढायचं का, अनसेल्म? तुझ्यासाठीच विचारते. लोक बोलतील."

"आता तर ठेवाच, मॅडम. चूक कुणाची ते लिहायला लागेल, तेव्हा शोधाशोध नको."

लेख पाठवणं थांबलं. घड्याळ शिशाच्या डबीत गेलं आणि डबीवर किरणांच्या धोक्याची पिवळी चिठ्ठी लागली. मोजणी पहिल्यापासून सुरू करायची, तर चुंबक आजच तपासायला हवा होता.

अनसेल्म चुंबकाकडे निघाला. दाराशी सवयीने उजवा हात डाव्या मनगटावर गेला. तिथे उन्हाने न रापलेला पांढरा पट्टा तेवढा होता. तो काढून ठेवता येण्याजोगा नव्हता. तरी अनसेल्म खिळ्यापाशी क्षणभर थांबला, आणि मग आत गेला.