उजवा दोरा नेहमी वर

अनंतराव सेवानिवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसात फार पेढे वाटले गेले. निरोपाला एवढे पेढे कशासाठी, याची चौकशी अनंतरावांनी केली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र हाताखाली माणूस उरला नाही. उरल्या त्या बायको, शुभदाताई. यवतमाळच्या त्या घरात शेवटचा शब्द लग्नापासून अनंतरावांचाच होता. आता पहिलाही त्यांचाच झाला.

एका बुधवारी सकाळी भांडण पेटलं ते मण्यांवरून. शुभदाताई घरबसल्या दोऱ्याला गाठी मारून, मणी ओवून ब्रेसलेट करत. बाभुळगावच्या एका बचत गटानं त्यांना दर बुधवारी शिकवायला बोलावलं होतं. गटाच्या अध्यक्ष रामीबाई स्वतः न्यायला आल्या होत्या. ऑटो दारात उभा होता.

"जायचं नाही," अनंतराव म्हणाले.

"काहून?"

"मले पोळ्या कोण करून देईन?"

"केल्या आहेत. डब्यात ठेवल्या."

"थंड्या!" डब्यात विंचू ठेवल्यासारखे अनंतराव ओरडले. "अन् शिकवणार काय? गाठी! दहा मिनिटांत करून दाखवतो मी."

एरवी इथं शुभदाताईंनी खांद्यावरची पिशवी उतरवली असती. शिवणाचा क्लास काढायचा होता तेव्हा उतरवली होती, भावाच्या लग्नाला दोन दिवस आधी निघाल्या तेव्हाही. आज पिशवी खांद्यावरच राहिली.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "जमलं तर मी नाही जात. आज नाही, कधीच नाही. नाही जमलं तर दर बुधवारी जाईन, अन् विचारणार नाही."

अनंतरावांनी परीक्षेचं पॅड आणलं आणि त्याच्या चिमट्यात चार दोरे अडकवले. शुभदाताईंनी सांगितलं, "मधले दोन सरळ ठेवा, मणी त्यांच्यातच ओवायचे. बाजूच्या दोघांनी गाठ मारायची. एकदा डावा वर, एकदा उजवा वर."

"डावा वर कायले? एकदा ठरलं की ठरलं. उजवा वर राहीन!"

ऑफिसात वरचा माणूस दिवसाआड खाली बसत नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पाच गाठी झाल्या, पट्टी कलली. आठव्या गाठीला मणी तोंड फिरवून बसला. पंधराव्या गाठीला सगळं पिळवटून सुंभासारखं झालं. अनंतरावांनी ते तळहातानं दाबलं, मग स्वयंपाकघरातून वरवंटा आणून त्यावर ठेवला. पट्टी सपाट झाली. वरवंटा उचलला, पुन्हा पीळ!

"दोराच निकृष्ट आहे!"

"एकाच रिळाचा आहे. माझं हे पहा."

शुभदाताईंचं ब्रेसलेट टेबलावर कसं शिस्तीत पडलं होतं.

"मग हे डिझाइन आहे!"

रामीबाई खळखळून हसल्या. "भाऊजी, ज्याले सपाट जमते त्यानं पिळाचं डिझाइन सांगावं."

"तुम्ही मधात बोलू नका. हा आमच्या घरातला मामला आहे!"

"घरातलाच हाये, म्हणून तर बोलून राह्यली. दोरा काय करन बिचारा? एक बाजू सदा वर, दुसरी सदा खाली, मग पीळ पडणारच. वरवंट्यानं निघते का तो? गाठी सोडा, अन् दुसऱ्या बाजूले वर येऊ द्या."

"वरवंटा अडतीस वर्षं होताच, रामीबाई," शुभदाताई हळूच म्हणाल्या. "मी सपाट दिसत होते, एवढंच."

अरे देवा! अनंतराव काहीतरी जबरदस्त बोलणार होते, पण त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं शिलाई मशीन होतं. म्हणजे असावं; तीस वर्षांपासून त्यावर अनंतरावांच्या पेपरांची रद्दी होती. ती तिथं ठेवायला कोणी सांगितलं होतं, हे त्यांना आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

मशीनकडे पाठ करून अनंतराव खेकसले, "ऑटोवाला काय दिवसभर उभा राहीन?"

"ही परवानगी आहे का?" शुभदाताईंनी विचारलं.

"नाही. ऑटोचं सांगून राह्यलो."

शुभदाताई गेल्या.

दुपारी अनंतरावांनी डबा उघडून थंड्या पोळ्या खाल्ल्या. त्यांना काहीही झालं नाही. मशीनवरची रद्दी त्यांनी दारात आणून ठेवली आणि चष्मा लावून गाठी सोडायला बसले. मारायला दहा मिनिटं लागली होती, सोडता सोडता चार वाजले. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पहिल्यांदा डावा दोरा वर घेताना त्यांचा हात अडखळला, पण घेतला!

मंडळी, आपल्याही घरात कोणता दोरा नेहमी वर असतो, ते एकदा पाहून घ्या. ज्याला कधी वर येऊ दिलं नाही, त्याला आज येऊ द्या. घर सरळ राहण्याचा दुसरा उपाय नाही. आणि "आमच्या घरात सगळं कसं सपाट, शांत आहे" असं वाटत असेल, तर आधी वरवंटा कुठं ठेवलाय ते तपासा.