हिचं सगळं मी केलं

"दोऱ्या बदला," परीक्षक बाईंनी सांगितलं, आणि रोंडा हाव्लिकने मोरकीची दोरी अशी काही आवळली की तिच्या कालवडीने, बटनने, मान झटकून वर केली.

कालवडी मिरवण्याच्या स्पर्धेच्या रिंगणात आता दोघंच उरली होती, रोंडा आणि कर्ट लुंडीन. शेवटच्या दोघांनी आपापली जनावरं एकमेकांच्या हातात द्यायची आणि परक्याचं जनावर चालवून दाखवायचं, ही प्लम क्रीक युवक क्लबची जुनी पद्धत. स्वतःचं जनावर काय, कुणीही मिरवेल. दुसऱ्याचं हातात आलं की कळतं, पोराला खरंच काही येतं की आईबापांनी धुऊनपुसून आणून उभं केलंय. जिंकणाऱ्याला पट्ट्याचं चांदीचं बक्कल मिळायचं, आणि त्याहून मोठं म्हणजे राज्याच्या जत्रेत अख्ख्या काउंटीतर्फे, म्हणजे जिल्ह्यातर्फे, तो एकटा जायचा. दोघांचंही क्लबातलं हे शेवटचं वर्ष होतं.

कर्टने हात पुढे केला. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दे."

"हात धुतलेस का? तुमच्या घराण्याचा वास लागेल माझ्या बटनला."

"लागला तर तुझा मामा आहेच की. धुऊन देईल."

मामाचं नाव निघालं तशी रोंडाची कानशिलं तापली. गेल्या वर्षी रिंगणातल्या याच भुशावर तिचं नाक कापलं गेलं होतं. क्लबच्या नियमाप्रमाणे रिंगणात उतरताना प्रत्येक मुलाने जनावराचं नाव सांगायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "हिचं सगळं मी केलं." चारा, पाणी, खरारा, चालवणं, सगळं. दुसऱ्याचा हात लागला की बाद. रोंडाने ते म्हटलं होतं आणि त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. पण कर्टचा बाप हॅरल्ड लुंडीन प्रेक्षकांसाठीच्या फळ्यांच्या पायऱ्यांवर उभा राहून ओरडला होता, "खोटं! हिचा मामा जनावरं सजवण्याचा धंदा करतो! त्याच्याशिवाय एवढी चकाकी येते होय?" लेनर्डमामाने त्या कालवडीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण ऐकतो कोण! जिंकलेली जांभळी फीत दिवस मावळायच्या आत परत घेतली. आणि हे सगळं कशापायी, तर दोन शेतांमधलं कुंपण कुणी कुणाच्या हद्दीत रोवलं यावरून दोन बापांचं वाकडं. त्यांना भांडायचं तर खुशाल भांडा म्हणावं, पण पोरीच्या तोंडचा घास कशाला काढायचा?

म्हणून यंदा तिने मामाला गोठ्याच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. ख्रिसमसला बिचारा आला तर त्याला गोठ्याच्या बाजूने गाडीसुद्धा लावू दिली नाही.

तरी फेब्रुवारीत घात झालाच होता. ट्रॅक्टर उलटून बाबांचं कंबरडं मोडलं. ती आणि आई त्यांच्यासोबत ओमाहाच्या हॉस्पिटलात, आणि मागे असं बर्फ पडलं की घराकडे बघायला निघालेल्या मामाची गाडी निम्म्या वाटेवरून परत फिरली. बटन मेलेलीच दिसणार असं धरून रोंडा कितीतरी दिवसांनी घरी आली, तर बटन ठणठणीत! गंजीकडचं फाटक उघडं होतं. वाऱ्याने उघडलं असणार, गवत ओढून खाल्लं असणार, बर्फ चाटून तहान भागवली असणार. "जनावर चिवट आहे," बाबा पलंगावरून म्हणाले आणि विषय तिथेच संपला. फक्त त्यानंतर बटनला एक घाणेरडी खोड लागली. घरातलं कोणी जवळ आलं की त्याच्या डाव्या खिशात नाक खुपसायची. ती खोड मोडता मोडता रोंडाचा सगळा वसंत गेला.

"काही सांगायचंय हिच्याबद्दल?" कर्टने दोरी घेताना विचारलं. विचारायची पद्धत असते.

"काही नाही. गाय आहे गाय."

बटन अनोळखी माणसाला लाथ मारते, हे तिने सांगितलं नाही. कर्टच्या काळ्या कालवडीची दोरी हातात घेत तिने मनातल्या मनात बटनला विनवलं, घाल बाई, एकच घाल, गुडघ्याखाली.

बटनने कर्टचा वास घेतला. मग घशातून एक हलका आवाज काढला, वासरू आईला बघून काढतं तसा, आणि सरळ त्याच्या शर्टाच्या डाव्या खिशात नाक खुपसलं. पायऱ्यांवर हशा पिकला. कर्टने तिचं तोंड हळूच बाजूला केलं आणि पुटपुटला,

"नाही गं. आज नाही."

त्याच्या मागोमाग चालणाऱ्या रोंडाने ते ऐकलं, आणि तिचं पाऊल चुकलं. काळी कालवड तिच्या टाचेवर आदळली.

आज नाही?

पुढच्या वळणावर दोन्ही जनावरं शेजारी आली. हातातल्या काठीने कालवडीचे पाय सारखे करायचं निमित्त करून ती वाकली.

"फाटक तू उघडलंस."

"गप्प बस."

"आणि खिशात काय असायचं?"

"आल्याची बिस्किटं." त्याचा चेहरा समोरच होता, ओठ तेवढे हलत होते. "हंबरून हंबरून जीव खात होती. आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. झोप लागेना. तुझ्यासाठी नाही केलं, समजलं? तुझं घर जळत असतं तरी बघत बसलो असतो."

"तुझ्या बाबांना माहीत आहे?"

त्याने चोरून पायऱ्यांवरच्या बापाकडे पाहिलं.

परीक्षक बाई जवळ आल्या. उंच, कोरड्या बाई. त्यांनी बटनच्या नाकाकडे पाहिलं, मग कर्टच्या खिशाकडे.

"ही तुला ओळखते का रे?"

कर्टने बटनचं नाक खिशापासून दूर सारलं. पायऱ्यांवर हॅरल्ड लुंडीन पुढे झुकला.

"मुली, कालवड तुझी. तू सांग," बाई रोंडाकडे वळून म्हणाल्या.

एक शब्द पुरे होता. कर्टच्या बापाने साऱ्या काउंटीसमोर तिला खोटी ठरवली, आता साऱ्या काउंटीसमोर त्याचाच पोरगा हाव्लिकांच्या गोठ्यात चोरून जात होता म्हणून सांगायचं. हॅरल्डने त्याची चामडी सोलली असती. आणि तिची स्वतःची? तिच्या कालवडीलाही दुसऱ्याचा हात लागला होता की. तीही बाद. वर्षभर ती हाच क्षण मागत होती, आणि आला तर असा आला.

"तिला तसंच शिकवलंय मी," रोंडा म्हणाली. "कुणाच्याही हातात शहाण्यासारखी जावी म्हणून. खिशात बिस्किट ठेवून."

हे कर्टसाठी बोलली की बक्कलसाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाईंनी बटनच्या पाठीवर थाप मारली.

"इतकी माणसाळलेली कालवड या रिंगणात मी पाहिली नाही. हे घाईघाईत होत नसतं." मग कर्टला म्हणाल्या, "तू छान चालवलीस. पण तुला करायला तिने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं."

बक्कल रोंडाच्या तळहातावर पडलं. पाठोपाठ माइक आला. जिंकणाऱ्याने ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायचं असतं.

रोंडाने माइक धरला. कर्ट भुशाकडे बघत होता. आई टाचा उंचावून उभी होती आणि तिच्यामागे लेनर्डमामा, अजूनही चोरासारखा, दाराबाहेरच.

"हिचं..." तिने माइक तोंडाजवळ ओढला. "हिचं सगळं मी केलं."

कुणी ओरडलं नाही.

हॅरल्ड लुंडीन मात्र उठला. बाया-माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली. त्याने टोपी काढली, काखेत धरली आणि चांगल्या खणखणीत टाळ्या वाजवल्या.

"आता कशी!" तो मोठ्याने म्हणाला. "याला म्हणतात स्वतः राबणं! जनावर बघूनच कळतं. गेल्या वर्षी मी काय उगीच बोंबललो होतो?"

लोक हसले, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. माइक अजून रोंडाच्या हातात होता. त्यात सांगण्यासारखं तिच्याजवळ खूप होतं. तिने तो बाईंना परत दिला.

मग काळी कालवड घेऊन ती कर्टकडे गेली.

"घे तुझी."

"घे तुझी."

दोऱ्या बदलल्या. रोंडाने बटनला ओढलं, पण बटनचं नाक पुन्हा कर्टच्या डाव्या खिशावर जाऊन टेकलं.

"ने तिला," कर्ट दात आवळून म्हणाला. "ने लवकर. बाबा बघताहेत."

रोंडाने सगळा जोर लावून दोरी ओढली. कालवड हलेना.