हात सोडला की बंद

त्या दुकानात एक होयबा होता आणि एक नन्नाताई. ही नावं त्या नवराबायकोने काही हौसेने घेतली नव्हती. समोरच्या कुलूपवाल्याने ती ठेवली होती, आणि बाजारात एकदा नाव चिकटलं की ते पेट्रोलनेसुद्धा निघत नाही.

दुकान गवत कापायच्या यंत्रांचं. पुढच्या खोलीत नवी यंत्रं विकायला, मागच्या खोलीत जुनी दुरुस्तीला. शिवाय फांद्या कापायच्या करवती, फवारणीचे पंप आणि दोन-चार जनरेटर. पुढची खोली नवऱ्याची, मागची बायकोची. दुकान मुळात तिच्या वडिलांचं. त्यांनी लेकीच्या हातात बाहुलीच्या आधी पाना दिला होता. जावई मात्र मुद्दाम गोड बोलणारा शोधला, कारण लेकीच्या जिभेला हाड नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हातारा गेला, आणि एक जण पुढे बसून सगळ्याला हो म्हणू लागला आणि एक जण मागून नाही. संसार आणि दुकान दोन्ही असेच चालले होते आणि बरे चालले होते.

ताईचा एक हट्ट होता. गवताच्या यंत्राच्या दांड्याला एक लिव्हर असते. ती दाबून धरली तरच इंजिन चालतं. हात सुटला की इंजिन बंद, इंजिनावर पुढे सरकणारी चाकं बंद आणि खालचं पातंही थांबतं. पाय घसरो, चक्कर येवो, मध्ये कोणाचं पोर धावत येवो, फक्त हात सोडायचा. पण काम करणाऱ्याला त्याचाच वैताग. वाटेतला दगड उचलायला थांबलं की यंत्र बंद, मग पुन्हा दोरी ओढून चालू करा. म्हणून लोक लिव्हर दांड्याला सुतळीने करकचून बांधतात आणि मोकळे होतात. ताई दुरुस्तीला आलेल्या यंत्राची आधी सुतळी कापायची, मग विचारायची, “हं, काय दुखतंय याचं?” गिऱ्हाईक कुरकुरलं तर यंत्र उचलून त्याच्या पायाशी ठेवायची. लिव्हर मोकळी असल्याशिवाय त्या दुकानातून यंत्र बाहेर पडत नसे, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे कंत्राटदार. गावातल्या बागा, शाळेचं मैदान, रस्त्याकडेचे गवताचे पट्टे, सगळं कापायचं काम त्याच्याकडे. यंत्रं याच दुकानातली, दुरुस्तीही इथेच. दुकानाची अर्धी चूल त्याच्या गवतावर पेटायची म्हणा ना.

गवताचा हंगाम नुकता लागला होता तेव्हा तो आला आणि होयबासमोर खुर्ची ओढून ऐसपैस बसला.

“जावईबापू, नवी यंत्रं हवीत. आहेत तेवढी सगळी उचलतो. फक्त ती लिव्हर आतूनच कायमची दाबून द्या. नव्यांची आणि माझ्या जुन्यांचीही. माझ्या कामावरच्या बायका दिवसभर दोऱ्याच ओढत बसतात. गवत राहिलं बाजूला, व्यायामच चाललाय नुसता.”

“होऊन जाईल, साहेब,” होयबा म्हणाला.

“नाही होणार,” मागून आवाज आला.

ताई हात पुसत बाहेर आली. “दोरी जड जातेय ना त्यांना? मग यंत्रं आणून टाका माझ्याकडे. फिल्टरमध्ये माती भरलीय, प्लगवर काजळी चढलीय, दोरी दहादा ओढावी लागणारच. एका ओढीत चालू होतील अशी करून देते. मग कोण कशाला लिव्हर बांधेल?”

“त्यात दिवस जातील, ताई. ऐन हंगामात?”

“दिवस गेला तर उद्या दुसरा येतो. बोटं परत येत नाहीत.”

कंत्राटदार हसला. “आजवर काही झालंय का?”

“झाल्यावर मग काय, मला सांगायला येणार आहात?”

त्याचं हसू मावळलं. तो उठला. “बाजारात दुकानं काय कमी आहेत?”

“भरपूर आहेत. हमरस्त्यावर नवं झालंय. बसायला गाद्याही आहेत म्हणे.”

तो गेला, आणि होयबाने आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर आवाज चढवला. गोड माणसाला राग आला की तो फार वाईट दिसतो, कारण त्याला सवय नसते. “तत्त्वं ताटात वाढून घेणार आहेस का? अख्खा हंगाम घालवलास! लिव्हर काय तू बांधणार होतीस? बांधणारे बांधतात, कापणारे कापतात, आपल्या बापाचं काय जातं?”

“माझ्या बापाचंच दुकान आहे,” ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. जावयाला हे ऐकवायचं नसतं. तो पुढच्या खोलीतली नवी यंत्रं फडक्याने पुसत राहिला, धूळ नसताना.

तिला भीती वाटली नाही असं नाही. चांगलीच वाटली. कंत्राटदाराची यंत्रं टेम्पोत घालून हमरस्त्याकडे गेली, ती तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. हंगामात ज्या बाकड्यावर पाना ठेवायला जागा नसायची, तिथे आता कुलूपवाला येऊन पेपर वाचायला लागला. “अति तिथे माती, ताई,” तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला. तिने त्याला उठवलं आणि रिकामं बाकडं धुऊन काढलं. रात्री नवरा पाठ करून झोपला की तिला वाटायचं, आपण म्हणतो तो हट्ट आहे की नुसता माज? एक स्क्रू तर पिळायचा होता. पण सकाळी दुकान उघडलं की हात त्या स्क्रूकडे जातच नव्हता, त्याला ती तरी काय करणार?

मग एका सकाळी, शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात, रस्त्यावरून चाकांची खडखड आली. कंत्राटदाराच्या बायका यंत्रं ढकलत रांगेने येत होत्या. पुढे मुकादमीणबाई. हिचा आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला ती शिंकली तर त्या टोकाची बाई दचकावी. आज मात्र ती हळू बोलली.

“ताई, लिव्हर मोकळी करून पाहिजे. सगळ्यांची.”

“साहेबांनी पाठवलं?”

“साहेबांना माहीत नाही.”

ताईने एक यंत्र आडवं केलं. हमरस्त्यावाल्याने काम सफाईने केलं होतं. लिव्हरपासून इंजिनापर्यंत जाणारी केबल काढून, आतला ब्रेक स्क्रूने कायमचा मागे ओढून ठेवलेला. बंद करायला वर एक बटण दिलं होतं. लिव्हर नुसती शोभेला लटकत होती.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काल शाळेच्या मैदानात होतो,” मुकादमीणबाई म्हणाली. “तो उतार आहे ना, वर्गांकडे जाणारा? तिथे हिचा पाय मुरगळला.” तिने मागच्या एका पोरसवदा बाईकडे बोट केलं. ती बाई खाली बघत होती. “ही पडली. आणि यंत्र थांबेना. चाकं आपली चालूच. माणूस सोबत नाही, काही नाही, आणि ते निघालं उतारावरून. आम्ही धावतोय मागे. वर्गाच्या भिंतीला जाऊन धडकलं, आणि तिथेच उभं राहून पातं फिरवतंय. मधली सुट्टी व्हायची होती अजून. झाली असती तर पोरं त्याच दारातून बाहेर येतात.”

“साहेब काय म्हणाले?”

“म्हणाले, भिंतीला काही झालं नाही ना?”

कोणी हसलं नाही. ताईने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि तशीच थांबली. या धंद्यात एक रीत आहे आणि ती वडिलांनी तिला पान्याच्या आधी शिकवली होती: मालकाने सांगितल्याशिवाय यंत्र उघडायचं नाही. तिने जन्मात ही रीत मोडली नव्हती. सुतळी कापणं वेगळं, दुसऱ्याचं इंजिन खोलणं वेगळं. उद्या कंत्राटदार सगळ्या गावात सांगत फिरला असता, की त्या दुकानात न विचारता यंत्रं खोलतात. उरलीसुरली गिऱ्हाइकंही गेली असती.

“यंत्रं त्यांची आहेत, बाई,” ती म्हणाली.

“पावती त्यांच्याकडे असेल. त्यांनी कधी हातात धरलंय का एक तरी? पातं आमच्या पायांशी फिरतं.”

हे ताईला पटलं, आणि पटल्याचा तिला आनंदच झाला. तेवढ्यात होयबा चहाची किटली घेऊन आला. दारात एवढी गिऱ्हाइकं बघून त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

“जावईबापू, एवढं करून देताय ना?” मुकादमीणबाईने विचारलं.

“हो, हो, होऊन जाईल!” तो म्हणाला.

मग त्याने यंत्रं बघितली, ती कोणाची आहेत ते ओळखलं, आणि आपण कशाला हो म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं. किटली हातात तशीच राहिली. ताई त्याच्याकडे बघत होती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या खाली बघणाऱ्या बाईकडे. पण त्या माणसाने शब्द देऊन परत घेतल्याचं बाजारात कोणी पाहिलं नव्हतं.

“नव्या केबल लागतील,” तो म्हणाला, आणि फळीवरून खोकं काढायला गेला.

ताईचे हात असे चालले, की बायका चहा प्यायच्या विसरल्या. स्क्रू काढला, ब्रेक मोकळा केला, केबल ओवली, ताणली, सोडून पाहिली. तेवढ्यावर थांबेल तर ती ताई कसली! फिल्टर झटकले, स्पार्क प्लग घासले. “ओढ,” ती प्रत्येकीला म्हणायची. बाई सवयीने खांद्यातून जोर लावायची, आणि यंत्र पहिल्याच ओढीला सुरू व्हायचं, तशी ती तोल जाऊन मागे यायची आणि हसायची. “सोड.” यंत्र बंद. “पुन्हा ओढ.” त्या पोरसवदा बाईने तर उगाचच चार वेळा ओढलं आणि चार वेळा सोडलं.

शेवटचं यंत्र बाकड्यावरून उतरत होतं तेव्हा कंत्राटदाराची मोटरसायकल दारात येऊन थांबली.

“कोणाला विचारून हात लावला?” तो गाडीवरूनच ओरडला. “माझी यंत्रं आहेत. चोरी आहे ही!”

“चोरीत काहीतरी जातं, साहेब,” ताई म्हणाली. “इथे गेलेलं परत बसवलंय. पैसे मागत नाही तुमच्याकडे. पाहिजे तर बाजारभर सांगा, न विचारता खोललं म्हणून. मीही सांगेन काय खोललं ते.”

“आणि तुम्ही, जावईबापू? तुम्हीसुद्धा?”

“मी हो म्हणालो होतो, साहेब,” होयबा म्हणाला. तो दारातून हलला नाही.

कंत्राटदार बायकांकडे वळला. “ज्यांना कामावर राहायचंय त्यांनी इथल्या इथे लिव्हरी बांधा. सुतळी देतो मी.”

मुकादमीणबाईने त्याच्याकडे पाहिलं, वाकली आणि दोरी ओढली. एका ओढीत. तिच्यामागे दुसरीने ओढली, मग तिसरीने, मग सगळ्यांनीच. चिंचोळा रस्ता इंजिनांच्या घरघरीने भरून गेला. शटरं थरथरली, कुलूपवाला पेपर टाकून बाहेर आला, शेजारपाजारचे दुकानदार पायऱ्यांवर उभे राहिले. रांगेतली प्रत्येक बाई दोन्ही हातांनी लिव्हर दाबून सरळ समोर बघत होती.

कंत्राटदार ओरडत होता. तोंड हलताना दिसत होतं, शब्द एकही पोचत नव्हता. म्हणून तो आणखी ओरडला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. गाडीवरून उतरून तो मुकादमीणबाईच्या पुढ्यात आला आणि बोट नाचवत, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला.

तिने लिव्हर सोडली. मागच्या सगळ्यांनी त्याच क्षणी सोडल्या.

“—बांधा म्हणतोय ना! मेलं एखादं पोर तर मी बघून घेईन!”

रस्ता चिडीचूप झाला होता. त्याचा आवाज पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसांपैकी निम्म्यांची पोरं त्याच शाळेत होती, आणि तासाभरापूर्वी त्यांनीच ती सोडली होती. कुलूपवाला पायरी उतरून रस्त्यावर आला.

“इंजिनाच्या आवाजात नीट कळलं नाही, साहेब,” मुकादमीणबाई म्हणाली. आता तिचा आवाज नेहमीचा होता, मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. “पुन्हा एकदा सांगा.”

कंत्राटदाराने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळे तो काय सांगतो ते ऐकायला थांबले होते, आणि ताई दारात उभी राहून हात पुसत होती.

“सांगा ना,” ती म्हणाली. “आता सगळं बंद आहे.”