जाड केलेला आवाज

रविवार असला तरी आईचं शिलाई मशीन सकाळपासून चालू होतं. सुट्टी संपत आली की सगळ्या इमारतीला एकदम साक्षात्कार होतो की आपली मुलं वाढली आहेत, आणि आखूड झालेले गणवेश घेऊन आया दारात उभ्या राहतात. आई खालची दुमड उसवून कापड लांब करून द्यायची आणि मुलगी शेजारी बसून बटणं लावायची. हाताबरोबर तिचं तोंडही चालू असायचं. मशीनच्या खडखडाटावर ती शब्द बसवायची. जिन्यात ऐकलेलं भांडण, शेजारणीची नक्कल, स्वतःच्या मनातलं काहीबाही, सगळं त्या तालात. घरात तिला टकळी म्हणत. लग्नाचं बघायला लागले होते, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

"टकळे, जरा तोंडाला विश्रांती दे," वडील आरशासमोर दाढी करता करता म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. आठवडाभर मोटारींचा आवाज ऐकून रविवारी त्यांना शांतता हवी असायची. ती त्या घरात त्यांना कधीच मिळाली नव्हती.

"बोलू दे हो बाबा," दादा कोपऱ्यातून म्हणाला. "मी लिहून घेतोय."

दादा मोबाईलच्या दुकानात कामाला होता आणि त्याला रॅपर व्हायचं होतं. तयारी जय्यत होती. टोपी होती, चालणं होतं, एक भुवई वर करून काढलेले फोटो होते. 'वस्तरा' असं धारदार नावही त्याने घेतलं होतं. शब्द तेवढे यायचे नाहीत. आले तर तिसऱ्या ओळीत अडखळायचे. मग तो बहिणीकडे बघायचा, आणि ती दोरा दाताने तोडून पुढची ओळ सांगायची.

त्याचा मित्र साउंडवाला गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायचा. कपड्यांच्या कपाटात, कोट आणि पांघरुणांच्या मधोमध त्याने माईक लटकवला होता. तिथे आवाज घुमत नाही म्हणे. दादाने त्या कपाटात शिरून चार दिवस घाम गाळला. पाचव्या दिवशी तो टकळीला घेऊन गेला, ओळी कशा म्हणायच्या ते नुसतं दाखवायला. आईच्या मशीनचा आवाज साउंडवाल्याने आधीच टेप करून त्याचा ताल बांधला होता. टकळी कपाटात उभी राहिली, तो ओळखीचा खडखडाट कानावर पडला आणि तिने सुरुवात केली:

टाका घातला प्रेमानं, गाठ मारली मानानं,
तोंड शिवलं माझं घरच्या मायाळू माणसानं.
ओढ दोरा, तोड दोरा, उसव एकेक टाका,
बोलायचंच आहे मला, कान बंद ठेवू नका.

तिचा आवाज बारीक होता, पण एकेक शब्द टाचणीसारखा टोचत होता. गाणं संपलं तरी साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढले नाहीत.

"हेच ठेवायचं," तो शेवटी म्हणाला. "वस्तऱ्या, राग मानू नकोस. पण हिच्यापुढे तू म्हणजे बातम्या वाचतोयस."

गाणी टकळीनेच म्हणावीत, असा विषय दादाने त्या रात्री जेवताना काढला. मोठे काका नेमके एक स्थळ घेऊन आले होते.

"असल्या गाण्यात मुलगी आहे हे कळलं, तर दारात कोण उभं राहील?" काकांनी ताट पुढे सरकवलं. "तोंड चालणारी मुलगी कुणाला हवी असते? मुलाचं ठीक आहे. मुलाचं कौतुक होतं."

वडील गप्प राहिले. मोठ्या भावापुढे ते नेहमीच गप्प राहायचे आणि त्याला आदर म्हणायचे.

"मग माझ्या गाण्यांचं काय?" टकळीने विचारलं.

आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अगं, भावाचं झालं म्हणजे तुझंच झालं की."

किती गोड वाक्य आहे हे. पिढ्यान् पिढ्या मुलींच्या हातातलं काढून घेताना आपण ते वापरत आलो आहोत, आणि दर वेळी पाठीवरून हातही फिरवत आलो आहोत. दादाने तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. त्याने भाजीत लक्ष घातलं. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटलं याची लाजही तिथेच, पहिल्या घासाबरोबर, वाटली होती.

साउंडवाल्याने नाइलाजाने कॉम्प्युटरवर टकळीचा आवाज खाली उतरवला, जाड केला. ऐकणाऱ्याला वाटावं, एखादा तरुण मुलगा दबल्या रागाने बोलतोय. नऊ गाणी झाली. अल्बमचं नाव 'उसवण', आणि वर फोटो वस्तऱ्याचा, एक भुवई वर केलेला.

'उसवण' असा पसरला की बोलायची सोय नाही. केस कापायच्या दुकानात तोच, रिक्षात तोच, कॉलेजच्या भिंतीवर 'कान बंद ठेवू नका' असं रंगवलेलं. मुलांना वाटलं हे आपल्या बापाबद्दल आहे, कामगारांना वाटलं मालकाबद्दल आहे. कुठल्याशा कारखान्यात तर म्हणे लोकांनी साहेबाच्या दारात उभं राहून ते कडवं म्हटलं आणि साहेबाला बाहेर यावं लागलं. वडील दुसऱ्यांच्या इमारतीत लिफ्टखाली उताणे पडून स्क्रू पिळत असताना वर कुणी ते गुणगुणलं, की खालूनच ओरडायचे, "माझा मुलगा आहे तो!"

दादा कार्यक्रम करायला लागला. मागे रेकॉर्ड लावायची आणि पुढे ओठ हलवायचे. लोक नाचायचे, शिट्ट्या मारायचे, आणि तो घरी आला की बहिणीच्या खोलीचं दार टाळून सरळ मोरीत हातपाय धुवायला जायचा. बराच वेळ धूत बसायचा.

आणि टकळी? टकळी गप्प झाली. बटणं लावायची, पण मशीनचा ताल चालू असला तरी तिच्या तोंडातून शब्द निघायचा नाही. घरात कुणी विचारलं नाही, काय झालं म्हणून. उलट काका म्हणाले, "शहाणी झाली हो पोरगी." सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे मुलगी मिटली की तिला शहाणी म्हणायची पद्धत आहे.

एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरची शाळकरी मुलगी गणवेश घालून बघायला आली. आई टाचण्या लावत होती आणि ती स्टुलावर उभी राहून 'उसवण' म्हणत होती. हनुवटी छातीला टेकवून, गळा आवळून, घोगरा आवाज काढून. दुसऱ्या ओळीला तिला ठसका लागला.

"अगं, असा आवाज का काढतेस?" टकळीने विचारलं.

"असाच काढायचा असतो, ताई. आमच्या शाळेत सगळ्या मुली असाच काढतात. मुलींच्या आवाजात हे चांगलं नाही वाटत."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. ऐकूनच कळतं ना."

दादा दारात चपला घालत होता. एक चप्पल पायात, एक हातात, असा तो उभा राहिला. आपण एका मुलीचा आवाज लपवला, इतकंच आजवर त्याला वाटत होतं. आता शाळाभर मुली आपापला आवाज घोटत होत्या, आणि त्या घोटलेल्या आवाजाला त्याचं नाव चिकटलेलं होतं. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली वाकून ती दुसरी चप्पल शोधायला लागला, जी त्याच्या हातातच होती.

पुढच्या रविवारी मुलाकडचे भेटायला आले. मुलगा, त्याची आई आणि मोठे काका, जे आता दोन्ही घरांचे झाले होते. चहा झाला. मुलगा सारखा दादाकडेच बघत होता. तो 'उसवण'चा भक्त निघाला.

"एक कडवं म्हणा ना, प्लीज," तो म्हणाला. "समोर ऐकायला मिळालं तर काय!"

"म्हण रे," वडील फुलून गेले.

"गळा बसलाय," दादा म्हणाला.

मुलाची आई हसली. "राहू द्या. मुलगी मात्र छान शांत आहे हो तुमची. आल्यापासून एक शब्द नाही. मला अशीच हवी होती."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी गणवेश न्यायला आली. वडिलांना वाटलं, पाहुण्यांचा हिरमोड नको. "ये, तू म्हणून दाखव," त्यांनी तिला पुढे केलं. तिने हनुवटी खाली घातली, गळा आवळला आणि घोगऱ्या आवाजात सुरू केलं. दुसऱ्या ओळीला पुन्हा ठसका. डोळ्यांत पाणी आलं तरी ती खोकत खोकत म्हणत राहिली.

टकळी उठली. त्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसली, तिची हनुवटी बोटाने वर केली.

"असं नाही गं. गळा सोड. 'मानानं' झालं की श्वास घ्यायचा, मग पुढचं एका दमात जातं. आणि तुझ्याच आवाजात. बघ."

आणि तिने म्हटलं. त्या बारीक, टोचणाऱ्या आवाजात, एकही शब्द न चुकता, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. मशीन बंद होतं, तरी ताल जागच्या जागी होता.

"आवाज सोडला तर अगदी हुबेहूब," मुलाची आई जरा दचकून म्हणाली. "भावाचं ऐकून ऐकून पाठ झालेलं दिसतंय."

"हो, हो," वडील घाईने म्हणाले. "ऐकूनच."

"ऐकून नाही," टकळी म्हणाली. "ते माझं आहे. सगळी नऊ गाणी माझी आहेत. आवाजही माझाच आहे, जाड केलेला. लग्न ठरणार असेल तर हे कळूनच ठरू दे. नाहीतर नको."

सगळे दादाकडे वळले. दादाला अजूनही हसून सोडून देता आलं असतं, आणि क्षणभर तसं करावं असं त्याच्या मनात आलंही. ते आलं, हे त्याने पुढे कधी लपवलं नाही.

"खरं आहे," तो म्हणाला. "मी नुसते ओठ हलवतो. मला लाज वाटते."

मुलाची आई पदर सावरून उठली. मुलगा दारापर्यंत गेला, वळला, काहीतरी बोलणार होता, पण आईने हाक मारली आणि तो जिना उतरला. असे भक्त पुष्कळ असतात. काका म्हणाले, "नाक कापलंत सगळ्यांचं."

"भाऊ," वडील आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या भावाच्या तोंडावर बोलले, "माझं नाक कापलं गेलंय खरं. पण ते त्या दिवशी, जेवताना. मी गप्प बसलो तेव्हा."

साउंडवाल्याने आवाजाची जाडी काढून टाकली आणि 'उसवण' नव्याने बाहेर आला. वर काय नाव घालायचं, असं त्याने विचारलं. "घरात म्हणतात तेच," असं उत्तर आलं. अल्बमवर 'टकळी' लिहिलं गेलं, फोटोत बटणं लावणारे हात. सगळं गोड झालं असं मुळीच नाही. निम्मे ऐकणारे गळाले. केस कापायच्या दुकानातल्या माणसाने दोन ओळी ऐकून दुसरं काहीतरी लावलं. "आधीचा आवाज बरा होता," असं लोकांनी शेकड्यांनी लिहिलं. शब्द तेच होते, ताल तोच होता, ज्यावर ते वर्षभर नाचले होते. दादा ती वाक्यं एकेक वाचायचा. ती वाचणं हे आपलंच काम आहे असं त्याने ठरवलं होतं.

तो अल्बम घरी पहिल्यांदा लावला तेव्हा आईचं मशीन चालू होतं. पहिलं कडवं झालं आणि तिचा पाय थांबला. गिऱ्हाईक दारात असतानाही कधी न थांबलेला पाय.

"हा तुझा आवाज?" तिने विचारलं.

"हो, आई. रोजचाच."

आई मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. इतकी वर्षं मुलगी हाताच्या अंतरावर बसून बोलत होती आणि तिने ते मशीनच्या आवाजात कधी नीट ऐकलंच नव्हतं. घरच्या मायाळू माणसानं, हे कुणाबद्दल आहे ते कारखान्यातल्या लोकांना नाही, कॉलेजातल्या मुलांना नाही, पण आता तिला कळलं होतं. तिने वर पाहिलं नाही.

"पहिल्यापासून लाव," ती म्हणाली. "आणि मोठ्यांदा लाव."