एक कप म्हणजे मी

मी कान तुटलेला कप बोलतोय. बसा. चहाची वाट बघू नका, माझ्यातून चहा पिऊन कैक वर्षं झाली. सध्या माझा मुक्काम कपडे धुण्याच्या पावडरीच्या डब्यात असतो.

जन्माने मी कॉफीचा कप. आम्ही सहा जण एका खोक्यातून या घरात आलो, थोरल्या सुनेच्या लग्नातला आहेर म्हणून. अंगाने आम्ही लहानखुरे, चार घोटांत संपणारे. पाच भावंडं एकेक करून फुटली. माझा फक्त कान गेला, तोही थोरलीच्या नवऱ्याने मला नळावर आपटलं म्हणून. “मुद्दाम नाही हं केलं,” तो म्हणाला. मुद्दाम कोण करतं? पण कान नसलेला कप पाहुण्यांपुढे कसा ठेवणार? थोरलीनं मला मैद्याच्या डब्यात टाकलं आणि मापाचं काम दिलं.

ते काम मी नऊ वर्षं केलं. दर रविवारी सकाळी संत्र्याचा पाव व्हायचा. खमीर नाही, मळणं नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही. दोन कप मैदा, एक कप साखर, अर्धा कप तेल, दोन अंडी, दोन संत्र्यांचा रस आणि चमचाभर सोडा. सालीचा किसही घालायची, पण वरवरचा, पांढरा भाग येऊ न देता, नाहीतर कडू होतो. कालवायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. पाऊण तासात वास जिन्यापर्यंत जायचा, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना नेमकं तेव्हाच काहीतरी मागायला यायचं असायचं.

धाकटी सून आली तेव्हा तिला या घरातला चमचासुद्धा सापडत नव्हता. थोरलीनं तिला सांभाळून घेतलं. दोघींचं इतकं जमलं, की नवऱ्यांना जेवायला वाढायचं विसरून गप्पा चालायच्या. सख्ख्या बहिणींत नसतं असं मेतकूट. मी मैद्यात बसून सगळं ऐकायचो. कान गेला म्हणून ऐकू येत नाही असं थोडंच आहे!

मग थोरलीच्या नवऱ्याची बदली झाली. जाताना तिनं धाकटीला कागदावर पावाची कृती लिहून दिली. दोन कप मैदा, एक कप साखर, वगैरे. कोणता कप ते लिहिलं नाही. तिच्या लेखी मापाचा कप एकच होता, आणि तो डब्यात होताच की. गडबडीत डबाही इथेच राहिला.

धाकटी टापटिपीची. थोरली गेल्यावर तिनं पहिल्याच आठवड्यात सगळे डबे रिकामे केले, तेव्हा मी हाती लागलो. “ई! मैद्यात फुटका कप?” म्हणाली. फेकायला हात धजला नाही, म्हणून माझी बदली पावडरीत केली. तिच्याकडे आखलेल्या रेघांचा नवाकोरा मापाचा कप होता. ऐटबाज आणि चांगला माझ्या पावणेदोन पट.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मैदा, साखर, तेल सगळं त्या धटिंगणानं मोजलं. अंडी मात्र दोनच, संत्री दोनच, सोडा चमचाभरच. पाव कोरडा ठणठणीत झाला, वर भेग आणि संत्र्याचं नाव नाही. नवरा एक घास खाऊन म्हणाला, “वहिनीच्या हातची चव नाही आली.” माणसानं खरं बोलावं, पण जरा गिळून बोलावं.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच्या आईच्या साठीला केला, माहेरची वीस माणसं होती. सगळ्यांनी चहात बुडवून बुडवून संपवला. रात्री घरी येऊन धाकटीनं तो कागद चार तुकडे करून टाकला. “काहीतरी गाळलंय त्यांनी. मुद्दाम. त्यांच्या हाताला येते तीच चव आपल्याला यायला नको,” ती नवऱ्याला म्हणाली.

त्याआधी दोघींचा रोज संध्याकाळी फोन असायचा. तो आठवड्यावर गेला, मग महिन्यावर. “बरं चाललंय. तुमचं?” एवढंच. धुण्याचं मशीन स्वयंपाकघराला लागूनच आहे, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. आपल्याला काय त्याचं म्हणा. पावडर काढायची, परत डब्यात पडायचं, हे माझं आयुष्य.

दोन वर्षांनी थोरली डोळे तपासायला म्हणून चार दिवस राहायला आली. धाकटीनं चहाबरोबर विकतची बिस्किटं ठेवली. दोन दिवस हवापाण्याच्या गप्पा झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं कपबशी दाणकन ठेवली.

“ताई, एक विचारू? त्या कागदावर काय गाळलंत तुम्ही?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! तीनदा पाव केला, तीनदा दगड झाला. माझ्या आईसमोर शोभा झाली माझी. मला शिकवायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं होतं.”

थोरली खुर्चीवर बसली.

“मी कशाला लपवू गं?” ती म्हणाली. “माझाच होत नाही आता. तिकडे गेल्यापासून एकदाही जमला नाही. ओव्हन बदलला, मैदा बदलला. म्हटलं, हातच गेला आपला. सोडून दिलं. कुणाला सांगणार? तुझा फोन येईना.”

मी दोघींपासून चार हातांवर होतो. निर्जीव असण्याचं दुःख मला फारसं कधी झालं नाही. त्या सकाळी मात्र झालं.

थोरलीची एक जुनी खोड आहे. रडू आलं की ती काहीतरी धुवायला घेते. उठली, बादलीतला टॉवेल उचलला, मशीनपाशी आली आणि पावडरीच्या डब्यात हात घातला. तिचा अंगठा बरोबर माझ्या तुटक्या कानाच्या खुंटावर बसला. नऊ वर्षं तो तिथेच बसायचा.

“अगं बाई! हा इथे?”

“तो फुटका होय? टाकवेना म्हणून ठेवला.”

“अगं, मी मैदा यानंच घ्यायचे!”

धाकटी बघतच राहिली. मग पळत जाऊन तिनं तो मापाचा कप आणला. थोरलीनं मला चारदा धुतलं, काठोकाठ पाणी भरलं आणि त्याच्यात ओतलं. पाणी निम्म्याच्या जरा वर जाऊन थांबलं.

“म्हणजे तिकडे मीपण...” थोरली म्हणाली, “कप तो कप म्हणत मोठाल्या कपानं...”

“आणि मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हटलं, ताई!”

“काय काय म्हटलंस?”

“जाऊ दे. पावडर आहे हातात, तेही धुऊन टाका.”

दोघी हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. टॉवेल तसाच पडला.

त्याच दुपारी पाव झाला. मोजायला मला कुणी घेतलं नाही, बरोबरच आहे, पाचव्या धुण्यालाही मला फेस येत होता. धाकटीनं पाणी थांबलं होतं तिथे मापाच्या कपावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. तेवढंच पाणी एका काचेच्या पेल्यात ओतून त्यावरही तशीच रेघ ओढली, आणि तो थोरलीच्या पिशवीत घातला. पाऊण तासाने वरच्या बाई साखर मागायला आल्या.

निघताना थोरलीनं मला उचललं. “याला घेऊन जाऊ का गं?”

“नको, ताई. असू दे इथे. हा दिसला की मला लाज वाटते, ती बरी.”

मी परत पावडरीत आहे. काठाला एक बारीक चीर गेली आहे, फार दिवस निघतील असं वाटत नाही. माझं एकच मागणं आहे. घरातलं फुटकंतुटकं खुशाल टाका, पण टाकण्याआधी त्यानं कोण काय मोजत होतं ते विचारा, आणि ज्याच्यावर राग आहे त्यालाच विचारा.

संध्याकाळचा फोन पुन्हा सुरू झालाय. आत्ताही चालू आहे, मशीन थांबून अर्धा तास झाला, कपडे आतच आहेत. आपल्याला काय त्याचं, असं मी पूर्वी म्हणायचो. आता ऐकत बसतो. मी फुटलो तरी दोन घरांत एकेक लाल रेघ आहे, आणि ती बरोबर माझ्याएवढी आहे.